सभ्य पोशाख

बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. माझ्या पोलक्याची बाही दोन बोटांत धरली, जरा चुरगाळून सोडली आणि म्हणाल्या, "हे फुगे कशाला? उडायचंय का?"

मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते आणि सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत नोकरीला लागले होते. फुग्यांच्या बाह्या तेव्हा नव्यानं आल्या होत्या. वहिनीनं पुण्याहून नमुना आणून ते पोलकं शिवलं होतं आणि मी ते मुद्दाम पहिल्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. समोर अख्खा वर्ग बसलेला. माझे कान तापले. मी म्हटलं, "मला आवडतात म्हणून." बाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तुला आवडतात तर राहू देत. लोकांना आवडतात म्हणून असतील तर उसवून टाक," असं म्हणून त्या पुढच्या वर्गावर ओरडायला निघून गेल्या.

त्या आमच्या मुख्याध्यापिका. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणत असे, मीही तेवढंच म्हणते. आता त्या राहिल्या नाहीत, आणि लोक लग्नाकार्यात पान खाता खाता त्यांच्या गमती सांगतात. काय वल्ली होती म्हणून हसतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. हसणाऱ्यांतले कितीतरी जण त्या शनिवारी बागेत खुर्च्यांवर बसले होते, आणि त्यातल्या एकालाही ते आठवत नाही.

बाई बुटक्या, काळ्यासावळ्या, अंगानं थोराड. जाडं नऊवारी लुगडं आणि त्यावर पुरुषी काळा कोट. कोट वडिलांचा. वडील अक्कलकोटच्या बाजूचे कापडाचे व्यापारी, घरात कानडी. बाईंचं लग्न लहानपणीच झालं आणि नवरा प्लेगात गेला. सासरच्यांनी माहेरी पाठवलं, वडिलांनी शाळेत घातलं. वडील गेल्यावर भावांनी दुकान वाटून घेतलं आणि बहिणीला विचारलं, तुला काय हवं. बाईंनी खुंटीवरचा कोट मागितला. लोकांना वाटे, बापाच्या मायेनं घालत असतील. मी एकदा तसं म्हटलं तर त्या माझ्यावर उखडल्या. "माया कसली? खिसे आहेत म्हणून घालते. बायकांच्या एका तरी कपड्याला खिसा पाहिलास का? ज्याला खिसा नाही त्याला जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं."

त्या खिशांत खडू असत, चष्मा असे, घराची किल्ली असे आणि भाजलेल्या शेंगा असत. कुणाला रागावतानाही त्यांचं शेंगा सोलणं चालू असे. फार राग आला की मराठी सुटायचं. "सुम्न कुंद्रु!" असं त्या कडाडल्या की कानडी न येणाऱ्या मुलीही गप बसायच्या.

शिवणाच्या तासाला त्यांनी प्रत्येक मुलीला परकराला खिसा लावायला शिकवलं. आमच्या शाळेची पोर गर्दीतही ओळखू यायची, एक हात खिशात असायचा. आईबाप तक्रार घेऊन आले. एक अडत्या तर फेटा सावरत ऑफिसात उभा राहून विचारू लागला, पोरीच्या जातीला खिसा कशाला, त्यात ती ठेवणार काय? बाईंनी शेंग फोडली. "तुमच्या खिशात काय आहे ते मी विचारलं का?" तो निघून गेला, पण पोरीला शाळेतून काढलं नाही.

त्या काही देवीबिवी नव्हत्या. मला त्यांचा पुष्कळ राग यायचा. एका संक्रांतीला एक चिमुरडी रेशमी परकर-पोलकं घालून आली. बाईंनी तिला दारातूनच घरी पाठवलं, साधं घालून ये म्हणून. पोर रडत गेली आणि त्या दिवशी परत आलीच नाही. मी तेव्हा काही बोलले नाही, पण ते मनात राहिलं, आणि पुढं योग्य वेळी मी ते बोलून दाखवलं. ते सांगायच्या आधी बागेबद्दल सांगायला हवं.

किल्ल्याच्या बाजूला बाग होती. शनिवारी संध्याकाळी तिथं बँड वाजायचा आणि सारं गाव मिरवायला जमायचं. तिथं कोण कुठं बसतं हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, तरी प्रत्येकाला ते पाठ होतं. बँडच्या समोर वेताच्या खुर्च्या. त्यावर साहेबलोक, वकील, डॉक्टर आणि गिरण्यांचे बडे अधिकारी. त्यांच्या बायका गोल पाचवारी पातळं नेसायला लागल्या होत्या, पायात उंच टाचांचे बूट, हातात छोट्या जाळीच्या पिशव्या. मागच्या बाकांवर पेठेतले दुकानदार, उपरणी आणि जरीच्या टोप्या. त्यामागं हिरवळीवर मास्तर, कारकून आणि आमच्यासारखे. आणि तारेच्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर, पाळी सुटलेले गिरणीकामगार. बाया, माणसं उकिडवी बसून तारेतून बँड ऐकायची. सोलापुरात अंगावर कापड घालणारा प्रत्येक जण त्यांच्या हातचं घालत होता असं म्हणता यायचं नाही, कारण खुर्च्यांवरचं कापड विलायतेहून यायचं.

आणि सोलापूरचा तो उन्हाळा! चैत्र-वैशाखात संध्याकाळी दगडसुद्धा हाताला चटका देतो. अशा उन्हात खुर्च्यांवरचे लोक लोकरीचे सूट घालून बसत. मानेवरून घामाच्या धारा, आणि चेहरा मात्र थंडगार. बाई खुर्च्यांच्या पुढून कोटाच्या खिशात हात घालून सावकाश फिरत. एकदा एका डॉक्टरांपुढं थांबून त्यांनी कळवळून विचारलं, "ताप आहे का हो तुम्हाला? इतकं गरम घातलंय." डॉक्टरांच्या बायकोनं पंख्याआड तोंड लपवलं. मला हसू आलं होतं. बाईंना आलं नव्हतं. कुंपणाकडं बघत त्या म्हणाल्या, "हे उकडून घेतात, कारण न उकडणारं कापड त्या लोकांच्या अंगावर आहे. नुसतं त्यांच्यासारखं दिसू नये म्हणून."

तीस साली सोलापुरात लष्करी अंमल लागला, त्याच्या दोनेक वर्षं आधी बागेच्या कमिटीनं फाटकावर पाटी लावली. बँडच्या दिवशी फक्त सभ्य पोशाखातल्या लोकांनाच आत सोडण्यात येईल. कुंपणाजवळची काही कामगार मंडळी बायकापोरांसह आत येऊन हिरवळीवर बसायला लागली होती, हे त्याचं कारण. फाटकावर एक म्हातारा पेन्शनर शिपाई नेमला. त्याला कमिटीनं गणवेश दिला होता.

पाटी वाचून बाई शाळेत आल्या त्या धुमसतच. दिवसभर कुणाला जवळ येऊ दिलं नाही. संध्याकाळी मी म्हटलं, "बाई, संक्रांतीला तुम्ही त्या पोरीला दारातून परत पाठवलंत. ती पाटीच होती की." मला वाटलं, आता आपली नोकरी जाते. पण दुसऱ्या दिवशी बाई त्या मुलीच्या वर्गात गेल्या, तिला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या दिवशी माझं चुकलं. तुझा परकर छान होता. परत घालून ये." आणि तिथून थेट कमिटीच्या अध्यक्षांकडं गेल्या.

अध्यक्ष एक नावाजलेले वकील होते. गोरेपान, बोलणं लोण्यासारखं. बाईंना खुर्ची दिली, सरबत मागवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला कोण अडवतंय? तुमच्या कोटाकडंसुद्धा आम्ही काणाडोळा करतो." बाई म्हणाल्या, "मला अडवत नाही, म्हणूनच मी आलेय. ज्यांना अडवता त्यांना तुमच्या दारापर्यंत तरी कोण येऊ देतंय?" सरबत तसंच राहिलं आणि पाटीही राहिली.

आमच्या शाळेत नरसू नावाची मुलगी होती. तेलुगू विणकरांच्या वस्तीतली, आई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात. बाप नव्हता. पोर हुशार म्हणजे अशी की एकदा ऐकलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. त्या वर्षी एका व्यापाऱ्यानं एक बक्षीस ठेवलं: चौथीच्या परीक्षेत गावातल्या मुलींतून जी पहिली येईल तिची हायस्कुलाची सगळी फी माफ. नरसू पहिली आली. नाहीतर चौथीनंतर ती आईबरोबर गिरणीतच जाणार, हे ठरलेलं होतं. बक्षीस बागेत, बँडच्या शनिवारी, वकीलसाहेबांच्या हस्ते द्यायचं होतं.

आम्ही मुलींना घेऊन आधीच आत जाऊन बसलो. स्वागताचं गाणं आमच्या मुली म्हणणार होत्या आणि नरसू एक उतारा पाठ म्हणणार होती. खुर्च्या भरल्या. गिरणीचा भोंगा झाला. नरसू सारखी मान वळवून फाटकाकडं बघत होती. शेवटी मी उठून बघायला गेले.

फाटकात नरसूची आई उभी होती. पाळी सुटल्या सुटल्या धावत आली असावी. जाडंभरडं लुगडं, पाय अनवाणी, केसांवर, भुवयांवर कापसाची पिंज. शिपाई आडवा हात धरून उभा होता, आणि बाई त्याच्याशी भांडत होत्या. तो बिचारा घाबरलेला. "हुकूम हाय बाईसाहेब," तो म्हणत होता, "मी काय करू? माजी बायकू बी भाईरच बसलीया."

बाईंनी तडकाफडकी अंगातला कोट काढला. तो कोट त्यांच्या अंगातून उतरलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. आतलं पोलकं खांद्यावर ठिगळ लावलेलं होतं. त्यांनी पायातले बूटही काढले आणि नरसूच्या आईपुढं धरले. "हे घाल आणि चल आत. बघू तुला कोण अडवतंय."

नरसूची आई दोन पावलं मागं सरकली. तिला मराठी नीट येत नसे, पण त्या दिवशी तिला शब्द शोधावा लागला नाही.

"कोट आत जाईल, बाई," ती म्हणाली. "मी भाईरच ऱ्हाईन की."

बाईंचा हात तसाच पुढं राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं काहीतरी. मग त्यांनी कोट आपल्या अंगात घातला, बूट पायात अडकवले आणि आत निघाल्या. मी मागोमाग.

वकीलसाहेबांचं भाषण चालू होतं. विषय स्त्रीशिक्षण. बाई सरळ मंचाच्या पुढं गेल्या, श्रोत्यांकडं पाठ केली आणि मुलींना म्हणाल्या, "उठा गं. आपलं गाणं बाहेर आहे." मुली एका झटक्यात उठल्या. वकीलसाहेब भाषण थांबवून विचारू लागले, हा काय प्रकार आहे म्हणून. बाई फाटकाकडं चालू लागल्या. मी लहान मुलींचे हात धरले आणि आम्ही सगळ्या खुर्च्यांच्या मधून, बाकांच्या मधून, फाटकातून बाहेर रस्त्यावर आलो. तिथं टांग्यांच्या गर्दीत, घोड्यांच्या लिदीच्या वासात मुलींनी स्वागताचं गाणं म्हटलं. गिरणीतल्या बाया खाली बसल्या. नरसूनं आईसमोर उभं राहून आपला उतारा म्हटला, खिशात हात घालून, एक शब्द न चुकता. त्या बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी उठली आणि तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

इथंच थांबले असते तर माझी ही गोष्टसुद्धा लोकांच्या गमतीत जाऊन बसली असती. पण सगळं झाल्यावर नरसूची आई बाईंपाशी आली आणि हळूच म्हणाली, "पोरीचं बक्षीस गेलं की वो, बाई."

ते आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बाईंच्याही नाही.

दोन दिवसांनी बाई पुन्हा वकीलसाहेबांकडं गेल्या. मला बरोबर घेतलं. या खेपेला खुर्ची मिळाली नाही. फीमाफी कमिटीच्या हातात होती, आणि ती दुसऱ्या नंबरच्या मुलीला द्यायचं घाटत होतं. त्या मुलीच्या बापाची स्वतःची दोन दुकानं होती. बाईंनी सांगितलं, केलं ते मी केलं, पोरीचा यात काय दोष? वकीलसाहेब म्हणाले, तेच तर आमचंही म्हणणं आहे. तुम्ही येत्या शनिवारी बागेत सगळ्यांसमोर माफी मागा, आम्ही तिथल्या तिथं पोरीचं नाव जाहीर करू. मग दारापर्यंत पोचवायला आले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "आणि बाई, तो कोट नको. सभ्य पोशाखात या."

 

शनिवारी बाई आल्या. तपकिरी रंगाचं लुगडं, पदर डोक्यावरून घेतलेला. कोटाशिवाय त्या एकदम लहान दिसत होत्या, कुणाच्याही घरातल्या आत्याबाईसारख्या. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. खुर्च्या भरगच्च होत्या; एरवी बँडला न येणारेही त्या दिवशी आले होते. बाई पुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गेल्या शनिवारी मी इथला समारंभ मोडला. त्याची मी माफी मागते. मुलीचं बक्षीस मुलीला द्यावं."

मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "ऐकू आलं नाही, जरा मोठ्यानं."

ज्या बाईंचा आवाज आमच्या शाळेतून रस्त्यापलीकडं ऐकू जायचा, त्यांचा आवाज यांना ऐकू आला नाही. मी उठणार तोच बाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली. आणि तेच शब्द पुन्हा, मोठ्यानं म्हटले. पुढच्या रांगेत एक बाई हसली. तिला बाईंनीच बाराखडी शिकवली होती. वकीलसाहेबांनी मोठेपणानं मान डोलावली, नरसूचं नाव वाचलं आणि बँडवाल्यांना खूण केली.

घरी जाताना मी रस्त्यातच रडायला लागले, रागानं. तुम्ही का वाकलात म्हणून विचारलं. बाई तशाच चालत राहिल्या. "वाकले कुठं?" त्या म्हणाल्या. "राग मला आला होता. त्याचं मोल त्या पोरीनं का द्यावं? मी दिलं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "तिला हे कधी कळू द्यायचं नाही. शपथ घे." मी शपथ घेतली. त्या शनिवारी बाईंनी मायलेकींना बागेकडं फिरकू दिलं नव्हतं; त्यांना एवढंच कळलं की कमिटीनं शेवटी न्याय केला.

सोमवारी कोट पुन्हा अंगात होता आणि शेंगाही फुटत होत्या. बागेत मात्र बाई पुन्हा गेल्या नाहीत. रस्त्यानं जाताना बँड ऐकू आला तर चाल वाढवायच्या.

मग काळ बदलला. लष्करी अंमल येऊन गेला, गांधीटोपीसाठी लोक तुरुंगात गेले, आणि जे खरंच गेले त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण वारा फिरल्यावर आमचे वकीलसाहेबही खादी घालून बागेत यायला लागले. खादी जाडीभरडी, नरसूच्या आईच्या लुगड्याहूनही जाडी. खुर्ची तीच, पहिल्या रांगेतली. गरिबांबद्दल फार सुंदर बोलायचे. पाटी कधी काढली ते कुणाला कळलंसुद्धा नाही. ती लावली होती म्हणून कुणी माफी मागितल्याचं तर मी ऐकलं नाही.

बाई तापानं गेल्या. चारच दिवस पडून होत्या आणि चारही दिवस डॉक्टरांवर ओरडत होत्या. स्मशानात गिरणीतल्या बाया पाळीवरून तशाच आल्या होत्या, आमच्या भागात बायका स्मशानात जात नाहीत तरी. खुर्च्यांवरच्या मंडळींनी नंतर बागेत शोकसभा भरवली. अध्यक्षस्थानी वकीलसाहेब. त्यांनी सांगितलं की बाईंचा स्वभाव तापट असला तरी मन मोठं होतं. याच बागेत त्यांनी आपली चूक मोकळेपणानं कबूल केली होती. लोकांनी माना हलवल्या. मी उभी राहिले आणि जागेवरूनच म्हटलं, "दोनदा कबूल करायला लावली होतीत. पहिल्यांदा तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. तेही सांगा." सभा लवकर आटोपली. पुढं माझी बढती अडली. त्याचं मला काही वाटलं नाही.

नरसू तेव्हा पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात होती. पण गावात बोललेलं गावात राहत नाही. सुटीत आली ती सरळ माझ्या खोलीवर आली. उंच झाली होती, केस घट्ट बांधलेले. मी बस म्हटलं तर बसली नाही. "खरं काय ते सांगा," म्हणाली. ज्यांच्यापुढं शपथ घेतली त्या बाई आता नव्हत्या. मी सगळं सांगितलं. कोटाशिवाय उभ्या राहिलेल्या बाई, ती मागची आरोळी, ते पुन्हा म्हटलेले शब्द, पुढच्या रांगेतलं हसू.

ती ऐकत होती आणि तिचा चेहरा आवळत चालला होता. मला वाटलं, रडेल.

"मला विचारलं का नाही?" ती म्हणाली. "मी नको म्हटलं असतं ती फी. गिरणीत गेले असते."

"म्हणूनच विचारलं नाही."

"हे ठरवणाऱ्या त्या कोण? आणि तुम्ही तरी कोण?" तिचा आवाज चढला. खालच्या मजल्यावरची बिऱ्हाडकरीण जिन्यात येऊन बघू लागली. नरसू बाईंवर चिडली होती, माझ्यावर चिडली होती, त्या खुर्च्यांवर, त्या बँडवर, अख्ख्या गावावर. तिच्यासाठी केलेला चहा तिथंच निवत होता. तिनं पिशवी उचलली आणि वकीलसाहेबांचं घर अजून त्याच गल्लीत आहे का, एवढं विचारलं.

मी हो म्हटलं.

ती धाडधाड जिना उतरत गेली. मी तिला थांबवलं नाही.